पट्टी वाचता आली पाहिजे

(नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटच्या आवारात माथाडी कामगारांच्या मुलामुलींसाठी भरलेल्या अभ्यासवर्गात विद्यार्थी व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज सकाळी आपल्या वर्गातील मुलांच्या चार तुकड्या कांदा-बटाटा बाजारात जाऊन आल्या. काम एकच दिले होते : आजचा कांद्याचा भाव विचारून या. चार तुकड्या चार आकडे घेऊन परत आल्या आणि भांडण जुंपले. प्रत्येक तुकडीला दुसरीने खोटे आणले आहे असे वाटत होते. बराच वेळ वाद घातल्यावर ध्यानात आले की, खोटे कोणीच बोलत नव्हते. एका तुकडीने गाळ्याबाहेर उभ्या असलेल्या किरकोळ विक्रेत्याला किलोचा भाव विचारला होता. दुसरीने फलकावरचा क्विंटलचा भाव उतरवून आणला, पण किमान, कमाल आणि सर्वसाधारण या तीन रकान्यांपैकी कमाल तेवढाच उचलला. तिसरीने अडत्याला विचारले, आणि अडत्याने साहजिकच आपल्याकडील सर्वांत चांगल्या मालाचा भाव सांगितला. चौथी तुकडी चार पावलेही चालली नाही. तिने मोबाईलवर पाहिले. तो आकडा लासलगावचा निघाला, आणि तोही परवाचा.

आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितले आहे, तो विषय या भांडणात सगळाच्या सगळा आला आहे. ‘माहिती-साक्षरता’ असे त्याचे भारदस्त नाव. अक्षरे वाचता येणे ही एक साक्षरता. पुढे आलेली माहिती कोणी दिली, कशाच्या आधारे दिली, केव्हाची आहे, कोणत्या मापातली आहे आणि ती मी खरी मानल्याने लाभ कोणाचा होणार आहे, हे विचारता येणे ही दुसरी. पहिली नसेल तर माणूस अंगठा उठवतो. दुसरी नसेल तर तो सही करतो, पण त्या सहीची किंमत अंगठ्याइतकीच राहते.

या संज्ञेचा जन्म १९७४ साली अमेरिकेत झाला. पॉल झुर्कोव्स्की नावाच्या गृहस्थांनी ती प्रथम वापरली, आणि हे गृहस्थ माहिती विकणाऱ्या उद्योगांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. हे मी टीका म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. कारण कोण बोलतो हे विचारण्याचा नियम मी सांगत असलेल्या शब्दालाही लागू व्हायला हवा. आपल्याकडे मात्र ही गोष्ट विक्रेत्यांच्या दारातून आलेली नाही. १८७३ साली जोतीरावांनी समाज स्थापन केला, त्याच्या नावातच सत्याचे शोधन आहे. कुळकर्ण्याने कागदावर काय लिहिले हे ज्याला कळत नाही, त्याची जमीन जाते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या कागदावर उतरवल्या आणि त्याखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या. गिरणीत किती वेळ काम करावे लागते, सुट्टी कधी मिळते, पगार किती उशिरा होतो, ही माहिती प्रत्येक कामगाराला सुटीसुटी ठाऊकच होती. ती एकत्र मांडली गेली तेव्हा तिचे निवेदन झाले. रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० साली मिळाली. एकेकट्याला ठाऊक असलेली गोष्ट सर्वांनी मिळून लिहून काढली की तिचे वजन बदलते, एवढे या उदाहरणातून ध्यानी ठेवा. मला पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता बाजाराकडे येऊ. बाजारातला सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता? पट्टी. शेतकऱ्याचा माल विकला गेला की अडत्या त्याच्या हातात जी हिशेबपट्टी ठेवतो, ती. तीत वर वजन आणि भाव असतो. खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे अशा वजावटी असतात. आणि तळाशी उरलेली रक्कम. शेतकरी बहुधा तळाचा आकडा पाहतो आणि निघतो, कारण परतीची गाडी उभी असते. मधल्या ओळी वाचायला वेळ नसतो, आणि वेळ असला तरी त्या कोणत्या नियमाने आल्या हे विचारण्याची सवय नसते. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. त्यानंतरच्या एखाद्या पट्टीत अडतीची ओळ वेगळ्या नावाने दिसली, तर ती ओळखायला पदवी लागत नाही. पण तो नियम ठाऊक असावा लागतो आणि पट्टी ओळीने वाचण्याची शिस्त असावी लागते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातील एक पट्टी महाराष्ट्रभर मोबाईलवरून फिरली. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळ्या वजावटी जाऊन त्याच्या हातात पडले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. धनादेश दोन रुपयांचा. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा ते चित्र पाहून ‘हे खोटे असणार’ असे म्हटले असेल. मीही म्हटले. पण ते खरे होते. किलोला एक रुपया भाव, म्हणजे एकूण ५१२ रुपये. त्यातून भाडे, हमाली आणि तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा. बेरीज-वजाबाकी पट्टीतच दिलेली होती, कोणीही करून पाहू शकत होता. माहिती-साक्षरता म्हणजे सगळ्यावर अविश्वास ठेवणे, असा समज शहाण्यासुरत्या माणसांतही पसरला आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. ज्याला सगळेच खोटे वाटते तो सगळेच खरे मानणाऱ्याइतकाच सोयीचा गिऱ्हाईक असतो. शेतकऱ्याची खरी पट्टीही तो ‘बनवलेली असेल’ म्हणून पुढे सरकवतो आणि कामाला लागतो.

अविश्वास अपुरा पडतो. विश्वास तर त्याहून भयंकर ठरू शकतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून त्या भागात फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक फीत मूळची कराचीतील होती. मुलांना सांभाळा, असे सांगण्यासाठी तेथील एका संस्थेने ती तयार केली होती. दुचाकीवरचे दोघे मूल उचलतात, आणि मग ते परत आणून सोडतात व फलक दाखवतात, अशी ती जाहिरात. शेवटचा भाग कोणीतरी कापला. उरलेल्या भागाने हिंदुस्थानभर भय पसरवले.

साथींनो, राईनपाड्यातील जमावात निरक्षर किती आणि साक्षर किती, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. मोबाईल चालवता येणारे लोक होते, एवढे पुरे. मला खटकते ते दुसरे. अफवा येते ती एकेकट्याच्या हातातल्या पडद्यावर. ती पुढे पाठवणाराही एकटाच असतो, अंगठ्याने एक खूण दाबतो आणि मोकळा होतो. त्याला कोणी ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारत नाही. विचारायला समोर कोणी नसतेच. जमाव जमतो तो नंतर, आणि तेव्हा विचारण्याची वेळ गेलेली असते. पडताळणी मात्र एकट्याने होत नाही. सकाळच्या चार तुकड्या वेगवेगळ्या घरी गेल्या असत्या, तर प्रत्येकीने आपापला आकडा खरा मानून तो दहा जणांना सांगितला असता. एका फळ्यावर चारही आकडे शेजारी शेजारी लिहावे लागले, म्हणून भांडण झाले, आणि भांडण झाले म्हणून खरे काय ते कळले.

तोच फळा संगणकावर मांडण्याची एक युक्ती आहे. तिला विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली ती काढली. हवाई बेटांवरच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लवकर’. ज्या पानावर कोणीही लिहू शकतो, दुसऱ्याचे लिहिलेले सुधारू शकतो, आणि प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहते, असे ते पान. याच युक्तीवर २००१ साली विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश उभा राहिला, आणि १ मे २००३ पासून तो मराठीतही आहे. तुम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी त्यातून उतारे उचलता, हे मला ठाऊक आहे. तुमच्या शिक्षकांनाही ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी किती जणांनी लेखाच्या वरचे ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ हे दोन शब्द दाबून पाहिले आहेत? खरा अभ्यास तेथे आहे. ‘इतिहास’ दाबला की कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता घातली वा खोडली हे दिसते. ‘चर्चा’ दाबली की त्या ओळीवरून झालेले भांडण दिसते. आणि आधार नसलेल्या वाक्यापाशी ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावलेली असते. हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. ते लिहिणाऱ्याला खोटारडा म्हणत नाहीत, आणि त्याला सोडतही नाहीत.

आपल्याकडे ज्ञानकोशांची परंपरा मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, आणि त्यासाठी भाग विकून मंडळी उभी केली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. या थोर कामांबद्दल मनात आदरच आहे. पण त्यांतील रचना अशी की, जाणत्यांनी लिहायचे आणि इतरांनी वाचायचे. पोते उचलणाऱ्याने पोत्याबद्दल लिहावे, अशी जागा तीत नव्हती. ती जागा विकीत आहे. निदान असू शकते.

असू शकते असे मी जपून म्हणतो, कारण विकिपीडियाचा एक नियम आहे : छापील वा प्रसिद्ध आधार नसेल तर लिहू नये. नियम योग्यच आहे. तो नसता तर त्या कोशाचा चव्हाटा झाला असता. पण त्याचा परिणाम पाहा. ज्यांचे जगणे छापले गेले त्यांना आधार मिळतो. ज्यांचे छापले गेले नाही ते पुन्हा एकदा बाहेर राहतात. दाणाबाजार आणि मसाला बाजार मस्जिद बंदराहून येथे आले ते १९९१ साली, फळे आणि भाजीपाला १९९६ साली. हे छापील आहे. पण त्या स्थलांतरात टोळ्या कशा हलल्या, मुंबईच्या चाळीतून रोज पहाटे खाडी ओलांडून येणे किती वर्षे चालले, कोणाची खोली गेली, कोणाच्या मुलीची शाळा सुटली, हे छापील नाही. ते तुमच्या वडिलांना आणि आजोबांना ठाऊक आहे. जाता जाता सांगतो, तुमच्या आयांना अधिक ठाऊक असेल, त्यांना आधी विचारा.

म्हणून माझी सूचना अशी की, विकिपीडियावर लिहायला शिकाच, पण त्याआधी आपल्या वर्गाची स्वतःची एक सामाईक विकी असावी. त्याला फार पैसा लागत नाही. त्यासाठीची संगणकीय साधने मोफत मिळतात. तीत एकेक पान : वाराई म्हणजे काय, तोलाई कोण घेतो, पट्टी कशी वाचावी, टोळी कशी बनते, पोते किती किलोचे असावे. आणि आपला एकच कडक नियम : प्रत्येक वाक्यापुढे ते कोठून आले हे लिहायचे. स्वतः पाहिले असेल तर ‘पाहिले’, आणि तारीख. ऐकले असेल तर ‘ऐकले’, आणि सांगणारा कोणते काम करतो ते. वाचले असेल तर कागदाचे नाव. ‘ऐकले’ हा कमी प्रतीचा पुरावा आहे असे समजू नका. पण ‘ऐकले’ हे ‘पाहिले’ म्हणून खपवणे हा गुन्हा समजा.

अशा रीतीने काम करणे तुम्हाला नवीन वाटू नये. टोळीत तुमचे वडील हेच करतात. जड पोते पाठीवर एक जण घेतो, पण उचलून देणारे दोघे असतात, थप्पी लावणारा वेगळा असतो, आणि मजुरी टोळीची म्हणून येऊन वाटली जाते. कोणी अंगचोरी केली तर ती टोळीलाच दिसते, मुकादमाने सांगावी लागत नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हा कायदा अनेक अंगांनी थोर आहे; पण आजच्या विषयापुरते पाहायचे तर तो नोंदीचा कायदा आहे. त्याआधी हमाल कोणाचाच नव्हता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मजुरी हातोहात, आणि म्हातारपणी रिकामा हात. कायद्याने त्रिपक्षीय मंडळे आणली, कामगाराची आणि मालकाची नोंदणी आणली, मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरण्याचे बंधन घातले. आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार उभा राहिला. कागदावर नाव आले म्हणून हक्क आला. आणि ज्या ठिकाणी आजही लेव्ही चुकवली जाते, तेथे पहिली चोरी नोंदीची होते; पैशाची चोरी त्यामागून येते.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने हे फार नेमके ओळखले. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीच उठून सांगितले की, हा माणूस त्या दिवशी गावात नव्हता, आणि ही विहीर खोदलीच गेली नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा केंद्रीय कायदा ज्या चळवळीतून आला, तिचा एक उगम तेथे आहे. कागद दप्तरात होता तोवर तो खरा होता. चारचौघांत वाचला गेला तेव्हा तपासला गेला. विकीचे पान म्हणजे संगणकावरची जनसुनावणीच होय, असे मी म्हटले तर ते फार ताणलेले वाटू नये.

आता कार्यकर्त्यांशी थोडे बोलायचे आहे, विद्यार्थ्यांनीही ऐकावे. आपण या मुलांना अफवा ओळखायला शिकवायला निघालो आहोत. गेल्या वर्षभरात आपल्या शाखांच्या गटांवरून आपण स्वतः काय काय पुढे पाठवले, ते एकदा उघडून पाहू या. सरकारच्या विरोधात असलेला आकडा दिसला की आपण त्याचा उगम विचारत नाही. जुन्या मोर्चाचे छायाचित्र आजचे म्हणून पाठवतो, कारण गर्दी छान दिसते. विरोधी पुढाऱ्याच्या तोंडी घातलेले वाक्य त्याने उच्चारले की नाही हे पाहत नाही, कारण तो ते उच्चारू शकला असता अशी आपली खात्री असते. दुसऱ्यांचा खोटेपणा संघटित आहे, पैशावर चालतो, आणि त्याची हानी कितीतरी मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण आपला खोटेपणा आपल्याला फुकट पडतो असे नाही. ज्या मुलीने आज सकाळी कमाल आणि सर्वसाधारण भावांतला फरक ओळखला, ती उद्या आपले पत्रक हाती घेईल आणि विचारील, हा आकडा कोणत्या रकान्यातला? तेव्हा आपण तिला बसवून ठेवणार की उत्तर देणार? या वर्गाच्या विकीवर पक्षाच्या पत्रकांचेही एक पान असावे आणि त्यावर ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना असावा, असे माझे मत आहे. काही ज्येष्ठ साथींना हे रुचणार नाही. त्यांनी चर्चेच्या पानावर लिहावे.

एका नव्या सोयीबद्दल दोनच वाक्ये. प्रश्न टाकला की तयार उत्तर लिहून देणारी यंत्रे आता मोबाईलवर आली आहेत, आणि मुले ती वापरतात. त्यांचे उत्तर गुळगुळीत असते आणि खोटे असले तरी तितकेच गुळगुळीत असते. चुका अडखळत बोलणाऱ्या माणसाला आपण निदान थांबवतो. वापरायचे तर वापरा, पण आपल्या विकीवर त्याची नोंद ‘यंत्राने सांगितले’ अशी करा आणि दुसरा आधार मिळेपर्यंत त्या ओळीवर भरवसा ठेवू नका.

शेवटी एक अडचण सांगतो. तिचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. विकीच्या ‘इतिहासा’त प्रत्येक ओळ कोणाची हे दिसते, म्हणून ती विश्वासाची. पण समजा, एखाद्या मुलाने लिहिले की अमुक गाळ्यावर वजनात मारतात, किंवा अमुक ठिकाणी नोंद न करता माणसे लावतात. हे त्याला वडिलांनी सांगितले. ओळीपुढे मुलाचे नाव, नावावरून टोळी, टोळीवरून वडील. दुसऱ्या दिवशी त्या टोळीला काम कमी लागले, तर त्याची जबाबदारी कोणावर? नाव न लिहिता लिहू दिले, तर अफवेची आणि आपली वाट एकच होते. नाव लिहायला लावले, तर ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे तोच गप्प बसतो. टोपणनाव घ्यावे आणि खरे नाव वर्गातील दोघा-तिघांनाच ठाऊक असावे, असे एक साथी मघाशी म्हणाले. टोळीच्या नावाने सर्वांनी मिळून लिहावे, म्हणजे एकट्यावर येणार नाही, असे एका विद्यार्थिनीचे म्हणणे आहे. मला दुसरी सूचना अधिक पटते. पण टोळीतला एक जण तयार नसेल तर काय करायचे, हे ती अजून सांगू शकलेली नाही. फळा येथेच आहे, सकाळचे चार आकडे एका बाजूला राहू द्या. त्यांच्या शेजारी हा प्रश्न लिहू या आणि आता तुम्ही बोला.